लहान मुलांना आणखी एक भाषा : किती लवकर, की किती वेळ?

निळी शाई

मी प्राथमिकच्या मुलांना त्यांच्या घरच्या भाषेव्यतिरिक्त आणखी एक भाषा शिकवते. पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितव्या वर्षी सुरुवात केलेली चांगली?" कुणी तीन म्हणतं, कुणी पाच. ज्यांचं मूल आठ वर्षांचं झालंय ते आता उशीर झाला म्हणून काळजीत. या प्रश्नावर जेवढं बोललं जातं, त्याच्या निम्मंही 'किती वेळ' आणि 'कशा प्रकारे' यावर बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

आधी साधा हिशोब मांडते. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका आणि वर्षात शिकवण्याचे ३६ आठवडे धरा. झाले ४२ तास. लहान मूल दिवसाला बारा तास जागं असतं असं मानलं, तर वर्षभराची ही सगळी शिकवणी त्याच्या साडेतीन दिवसांच्या बरोबरीची. त्यातूनही हजेरी, वह्या काढणं, वर्ग शांत करणं यांचा वेळ वजा करायचा. घरची भाषा हेच मूल उठल्यापासून झोपेपर्यंत ऐकतं, तरी वाक्यं जुळवायला त्याला दोन-अडीच वर्षं लागतात. मग आठवड्याच्या सत्तर मिनिटांत ते नवी भाषा आपोआप उचलेल, ही अपेक्षा आली कुठून?

ती येते परक्या मुलखात राहायला गेलेल्या मुलांकडे बघून. ती मुलं वर्ष-दीड वर्षात खेळगड्यांसारखी बोलायला लागतात, हे खरं आहे. पण त्यांना ती भाषा मैदानात, वर्गात, दुकानात, शेजारी, सगळीकडे ऐकू येत असते, आणि ती आल्याशिवाय खेळात कुणी घेत नाही. आपण त्या मुलांचं वय तेवढं उचलतो आणि बाकीचं मागेच सोडतो.

आणि अशा वातावरणातसुद्धा सुरुवातीला सर्वांत लहान मुलं पुढे असतात असं नाही. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-हूले यांनी १९७८ साली नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या काही महिन्यांत डच सर्वांत वेगाने शिकली ती १२ ते १५ वर्षांची मुलं. ३ ते ५ वर्षांची सर्वांत मागे होती. पुढे स्पेनमध्ये कार्मेन मुन्योस यांच्या गटाने बार्सिलोना परिसरातल्या शाळांत आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं तासांची बेरीज सारखी ठेवून तपासली. तिथेही उशिरा सुरू केलेली पुढे. मोठ्या मुलाला कसं शिकायचं हे कळलेलं असतं. एका भाषेत वाचन पक्कं झालेलं असतं, नियम सांगितला तर तो लागू करता येतो.

मग लहानपणी शिकवूच नये का? शिकवावं, आणि मनापासून शिकवावं. लहान मुलाचा कान मोकळा असतो, चुकण्याची लाज नसते, एकच गोष्ट दहा वेळा ऐकायचा कंटाळा नसतो. मात्र हे गुण भरपूर ऐकायला मिळालं तरच कामी येतात. दर तासिकेला दहा शब्द पाठ करून घ्यायचे आणि शुक्रवारी विचारायचे, ही पद्धत मोठ्यांच्या डोक्याला झेपणारी. ती सहा वर्षांच्या मुलावर लादली की त्याचे खास गुण वाया जातात आणि जे त्याला जमत नाही तेवढंच आपण तपासत बसतो.

माझ्या वर्गात पहिले काही महिने मी कुणालाही बोलायला लावत नाही. ऐकून कळलं आहे का, एवढंच बघते. तुम्ही काय करता, घरी किंवा वर्गात? मोकळेपणाने लिहा.

रानवारा

हिशोब वाचून थांबले. साडेतीन दिवस! असा विचारच केला नव्हता.

मी शिक्षिका नाही, चार वर्षांच्या मुलीची आई. तिच्या बालवाडीत आमच्या घरच्यापेक्षा वेगळी भाषा चालते. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, ती बालवाडीत जवळजवळ काहीच बोलत नाही. बाई म्हणतात सगळं समजतं, सांगितलेलं करते, पण तोंड उघडत नाही. दुसरी, घरी एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळते. तिसरी, आम्हीही घरी तीच भाषा बोलावी असं ओळखीच्यांनी सुचवलंय. आमची ती भाषा कामापुरती आहे. काय करावं?

अभ्यासू

वयाबद्दल थोडी भर घालतो, कारण 'वय महत्त्वाचं' आणि 'वय महत्त्वाचं नाही' ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. भाषेचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वयात पकडले जातात.

उच्चार सर्वांत आधी. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग आपल्याला पटकन कळेल असा आहे, कारण त्यात हिंदीतले दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' हे आवाज वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं हा फरक ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांची बहुतेक बाळं ओळखेनाशी झाली होती. म्हणजे पहिल्या वर्षातच कान घरच्या भाषेच्या आवाजांवर बसायला लागतो.

पण 'मग बाळालाच नवी भाषा ऐकवू, व्हिडिओ लावून देऊ' असा निष्कर्ष काढण्याआधी २००३ चा प्रयोग बघा. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसमोर मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसं बसवली. साधारण २५ मिनिटांची अशी १२ सत्रं. समोर बसून पुस्तक वाचायचं, खेळणी दाखवायची, बाळाकडे बघून बोलायचं. या बाळांना मँडरिनमधले आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. तोच मजकूर पडद्यावर दाखवलेल्या किंवा नुसता आवाज ऐकवलेल्या बाळांना काहीही फायदा झाला नाही. बाळाला समोर माणूस लागतो.

व्याकरणाची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये हार्टशोर्न, टेनेनबाउम आणि पिंकर यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन उत्तरं तपासली. त्यांच्या मते व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकून असते. मातृभाषकाइतकी पकड हवी असेल तर मात्र दहाच्या आसपास सुरुवात झालेली बरी, कारण पकड यायला बरीच वर्षं लागतात. आठ वर्षांच्या मुलाच्या पालकांनी घाबरण्याचं काहीच कारण नाही.

शब्दसंपत्ती तर आयुष्यभर वाढते, तिला वयाची अट नाही.

आणखी एक. जर्मनीत नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकलेली मुलं आणि तिसरीपासून शिकलेली मुलं यांची तुलना झाली होती. सातवीत उशिरा सुरू केलेली मुलं पुढे निघाली आणि २०१७ मध्ये त्यावर बरीच चर्चा झाली. नंतरच्या पाहणीत नववीत लवकर सुरू केलेली पुन्हा पुढे होती. मला यातून दिसतं ते असं की लवकर सुरुवातीचं फळ मिळतं, पण उशिरा, आणि मधली वर्षं कशी जातात यावर ते बरंच अवलंबून असतं.

निळी शाई

@अभ्यासू, मधल्या वर्षांचा मुद्दा अगदी मनातला. प्राथमिकमध्ये मुलं गाणी, खेळ, गोष्टी यांतून बरंच काही समजायला लागलेली असतात. वरच्या वर्गात गेली की नवे शिक्षक 'यांना काहीच येत नाही' असं धरून मुळाक्षरांपासून सुरू करतात. मुलाच्या कानात साठलेलं कुणी बाहेरच काढत नाही. वर्ग बदलताना दोन्ही शिक्षकांनी एकदा समोरासमोर बसून 'या मुलांना काय ऐकून कळतं' एवढं जरी सांगितलं, तरी कितीतरी वाचेल.

तिसरा बाक

मीही शिक्षक. माझा वर्ग भरलेला असतो आणि जागा कमी, म्हणून 'एवढ्या मुलांत हे शक्य नाही' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

वर्गातली रोजची कामं नव्या भाषेत करायची. दार लाव, वही उघडा, रांगेत या, आज कोण आलं नाही, कुणाला पाणी प्यायचंय. ही वाक्यं मी शिकवत नाही, फक्त वापरतो. हातवारे आणि प्रसंग दोन्ही सोबत असल्याने अर्थ सांगावा लागत नाही. वाक्यं रोज तीच ठेवायची. आज 'वही उघडा' आणि उद्या 'वह्या बाहेर काढा बरं' असं केलं की सुरुवातीच्या मुलाला ती दोन वेगळी गाणी वाटतात.

मग सूचनांचा खेळ. जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. शिक्षक सूचना बोलतो आणि स्वतः करून दाखवतो, मुलं सोबत करतात. काही दिवसांनी शिक्षक फक्त बोलतो. इथपर्यंत बहुतेक जण करतात आणि थांबतात, पण खरी मजा पुढे आहे. मुलांना 'वही उचल', 'डोक्यावर हात ठेव', 'खिडकीकडे चाल' हे वेगवेगळं येतं ना, मग एक दिवस म्हणायचं, "वही डोक्यावर ठेव आणि खिडकीकडे चाल." हे वाक्य त्यांनी कधीच ऐकलेलं नसतं. तरी अर्ध्याहून जास्त वर्ग वह्या डोक्यावर घेऊन निघतो. याचा अर्थ ती पाठ केलेलं म्हणत नाहीत, वाक्य फोडून समजून घेत आहेत. एवढी मोठी गोष्ट एकही शब्द न बोलता दिसते.

तिसरं म्हणजे एक गोष्ट, दोन आठवडे. दर तासिकेला नवी गोष्ट नको. मी स्वतः रचलेली एक सांगतो. पाऊस येतो, मुंगी पानाखाली जाऊन बसते. ससा येतो, विचारतो, "मी येऊ का?" मुंगी म्हणते, "ये, जागा आहे." मग बेडूक, मग कोंबडी, प्रत्येकाचा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. शेवटी हत्ती येतो आणि विचारतो, "मी येऊ का?" पहिल्या दिवशी मी चित्रं दाखवत सांगतो. दुसऱ्या दिवशी मुलं प्राण्यांची हालचाल करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी 'मी येऊ...' म्हणून थांबतो आणि वर्ग वाक्य पुरं करतो. मी सांगितलेलं नसतं, त्यांना राहवत नाही. दुसऱ्या आठवड्यात मी गोष्टीत मुद्दाम चूक करतो, बेडकाच्या जागी मांजर आणतो. मुलं ओरडून दुरुस्त करतात, आणि तेव्हा त्यांच्या तोंडून नवी भाषा निघते. हत्तीला जागा मिळते की नाही, हे दर वर्षी मुलांनाच ठरवू देतो.

आता ज्यावर मला सर्वांत जास्त बोलायचंय ते. रंग, प्राणी, फळं, आकडे यांच्या याद्यांनी सुरुवात करू नका. लिली वाँग फिलमोर यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात इंग्रजी शिकणाऱ्या पाच स्पॅनिशभाषक मुलांचं निरीक्षण केलं होतं. ती मुलं आधी अख्खी तयार वाक्यं उचलत होती, खेळात उपयोगी पडणारी. त्यातला एक तुकडा बदलून बघायची, मग दुसरा. व्याकरण त्यातून उमलत गेलं. नावांची भली मोठी यादी येणारं पण 'मला दे', 'माझी पाळी', 'थांब, अजून नाही झालं' हे न येणारं मूल त्या भाषेत एक खेळही खेळू शकत नाही. त्याला आधी खेळात शिरू द्या. नावं वाटेत मिळतात.

मोरपीस

+१. फार उपयोगी प्रतिसाद.

एक शंका. वर्गात मुलांची घरची भाषा वापरायची की नाही? आमच्याकडे सक्त सूचना आहे, एकही शब्द नको.

तिसरा बाक

सक्तीला माझा विरोध आहे. रोजच्या कामात आणि गोष्टीत मी नवी भाषाच वापरतो, कारण मुळात वेळच कमी आहे. पण खेळाचे नियम समजावताना, कुणी रडत असताना किंवा एखादी कल्पना हातवाऱ्यांनी पोचत नसताना घरच्या भाषेतलं एक वाक्य पुरतं आणि पाच मिनिटं वाचतात. मुलं आपसांत घरच्या भाषेत कुजबुजतात तेव्हा बहुतेकदा एकमेकांना अर्थच सांगत असतात. त्यांना गप्प करून काय मिळणार?

टाळायचं ते एकच. प्रत्येक वाक्य आधी नव्या भाषेत आणि लगेच घरच्या भाषेत म्हणायचं नाही. तसं केलं की मुलं पहिल्या वाक्याला कान देणंच सोडतात. त्यांना ठाऊक असतं, दुसरं येणारच आहे.

कानगोष्ट

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. @रानवारा, तुमच्या प्रश्नांसाठी लिहिते. तुमच्या मुलीला प्रत्यक्ष बघितलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

नव्या भाषेच्या वातावरणात गेलेली पुष्कळ मुलं सुरुवातीला गप्प असतात. काही आठवडे, काही वेळा काही महिने. या काळात ती रिकामी नसतात, ऐकत असतात, ओठांतल्या ओठांत म्हणून बघत असतात. सांगितलेलं करते असं बाई म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे. या काळात 'बोल ना, बोल ना' असा आग्रह सर्वांत जास्त नुकसान करतो. होकार-नकाराची मान, बोट दाखवणं, चित्र निवडणं, एवढी उत्तरं पुरेशी माना.

काळजी कधी करायची? घरी घरच्या भाषेतही वयाच्या मानाने बोलणं मागे असेल, साध्या सूचना समजत नसतील, किंवा आधी येणारं येईनासं झालं असेल तर लगेच दाखवा. भाषेचा विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. एका भाषेत मूल छान गप्पा मारत असेल आणि दुसरीत गप्प असेल, तर बहुतेकदा शिकणं चालू असतं. मात्र घरी भरभरून बोलणारं मूल बालवाडीत महिनोन्‌महिने कुणाशीच, घरच्या भाषेतही, बोलत नसेल तर ते भीतीशी संबंधित असू शकतं. त्यासाठी तज्ज्ञांना भेटावं.

मिसळण्याबद्दल निश्चिंत राहा. मुलीला ज्या भाषेत जो शब्द आधी मिळाला तो ती वापरते. दोन भाषांत वाढणारी मोठी माणसंही मिसळतात आणि त्यालाही नियम असतात. शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. एकाच भाषेतले मोजून 'ही मागे आहे' असं ठरवणं हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. घरची भाषा सोडू नका.

उंबरठा

कानगोष्ट यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन, आणि त्याची कारणं लिहितो, कारण हा सल्ला देणारे 'ओळखीचे' प्रत्येकाला भेटतात.

नवी भाषा मुलाजवळ दोन प्रकारे येते. आहे त्यात भर म्हणून किंवा आहे ते काढून त्या जागी. वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हा भेद मांडला. १९६५ मध्ये कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट उपनगरात इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहाने मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मुलं फ्रेंच उत्तम शिकली आणि त्यांच्या इंग्रजीला धक्का लागला नाही. सुरुवातीला इंग्रजी वाचनात थोडी मागे होती, पण शाळेत इंग्रजीचं वाचन सुरू झाल्यावर ती तूट भरून निघाली. हा दाखला देऊन 'बघा, सगळं दुसऱ्या भाषेतून शिकवलं तरी चालतं' असं पुष्कळ लोक म्हणतात. पण त्या मुलांची घरची भाषा समाजात मानाची होती, घरात पुस्तकं होती, कुणी तिला कमी लेखत नव्हतं. ज्या मुलाच्या घरच्या भाषेला शाळेत जागाच नाही त्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक महत्त्वाचा फरक दाखवून दिला. मैदानावरचं बोलणं मूल साधारण दोन वर्षांत शिकतं. पण त्या भाषेत विज्ञान समजून घेणं, कारण सांगणं, तुलना करणं, लांब मजकूर वाचणं याला पाच ते सात वर्षं लागतात. मूल फडाफडा बोलतंय म्हणून त्याला धडाही कळतोय असं आपण धरतो आणि मग गणिताच्या शाब्दिक उदाहरणात ते अडलं की त्याला मंद ठरवतो. कमिन्स यांचं दुसरं म्हणणं असं की एका भाषेत कमावलेली विचार करण्याची, वाचण्याची ताकद दुसरीत उतरते. म्हणून घरच्या भाषेत मुलाशी जितकं खोल बोलाल, का आणि कसं यावर जितक्या गप्पा माराल, तितकी नव्या भाषेला मदतच होते.

रानवारा, तुम्हीच लिहिलंय की ती भाषा तुमची कामापुरती आहे. कामापुरत्या भाषेत 'जेव', 'झोप', 'हात धू' एवढं होईल. तिने "पाऊस कुठून येतो?" विचारलं तर उत्तर तुमच्या भाषेतच रंगेल. तिला त्या रंगलेल्या उत्तराची गरज आहे. आणि चौदाव्या वर्षी तिला मनातलं काही सांगायचं असेल तेव्हा तुम्हा दोघींना पुरेल अशी एक तरी भाषा घरात हवी. ती आता चार वर्षांची आहे तेव्हाच हे ठरतं.

रानवारा

वाचून डोळ्यांत पाणी आलं. घरी आमचीच भाषा बोलणार. सर्वांचे आभार, विशेषतः कानगोष्ट आणि उंबरठा.

पानगळ

नव्या भाषेची लिपी कधी आणायची? आमच्याकडे पहिल्या दिवसापासून मुळाक्षरं गिरवायला देतात.

निळी शाई

@पानगळ, वाचायला मूल एकदाच शिकतं. आवाज आणि चिन्ह यांचा संबंध एका लिपीत उमगला की दुसऱ्या लिपीत ती समज पुन्हा कमवावी लागत नाही, फक्त नवी चिन्हं शिकायची. म्हणून आधी घरच्या भाषेत वाचन बसू द्यावं. तोवर नवी भाषा कानाने. मग लिपी आणायची तीही ओळखीच्या वाक्यांतून. तिसरा बाक यांच्या गोष्टीतलं 'मी येऊ का?' मुलांच्या ओठांवर असतं, ते फळ्यावर लिहून दाखवलं की मुलं अक्षरं ओळखण्याआधी वाक्यच ओळखतात. ज्या शब्दाचा अर्थ आणि आवाज दोन्ही माहीत नाहीत तो गिरवून हाताला वळण लागेल, भाषा येणार नाही.

वाचता यायला लागलं की मात्र पुस्तकांची खैरात करा. फिजीमधला वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांचा प्रयोग प्रत्येक मुख्याध्यापकाला सांगावासा वाटतो. १९८३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागातल्या आठ शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची २५० पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षकांनी ती मुलांसोबत वाचली, काहींत मुलं रोज स्वतःची स्वतः वाचत होती. आठ महिन्यांनंतर या मुलांचं वाचन आणि ऐकून समजणं नेहमीच्या दुप्पट वेगाने वाढलेलं आढळलं. इंग्रजी त्यांची घरची भाषा नव्हती. मुलांना आवडतील अशा गोष्टी हाती आल्या, एवढाच मुख्य बदल.

मोरपीस

चुका दुरुस्त करायच्या का? माझा नेहमी गोंधळ होतो. टोकलं तर मूल मिटतं, सोडलं तर चूक पक्की होईल असं वाटतं.

अभ्यासू

@मोरपीस, रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या चौथी ते सहावीच्या फ्रेंच वर्गांचं निरीक्षण मांडलं. शिक्षक सर्वांत जास्त वेळा काय करत होते, तर मुलाचं चुकीचं वाक्य सहजपणे बरोबर करून म्हणत होते. पण मुलांनी त्यावर स्वतःची चूक सुधारण्याचं प्रमाण सर्वांत कमी होतं. त्यांना वाटायचं, बाईंनी आपलं म्हणणं मान्य केलं. उलट 'काय म्हणालास?' किंवा अर्धं वाक्य म्हणून थांबणं, अशा इशाऱ्यांनी मुलं स्वतः दुरुस्ती करत.

तिसरा बाक

चौथी ते सहावीला हे पटतं. पहिली-दुसरीला मी तरी बरोबर वाक्य म्हणून पुढे जातो आणि मुलाच्या उत्तराच्या आशयाला दाद देतो. पुष्कळ चुका वयाच्या नसून टप्प्याच्या असतात. अजून पुरेसं ऐकलेलंच नसतं. वर्गातल्या निम्म्या मुलांची एकच चूक होत असेल तर मी त्या रचनेची नवी गोष्ट रचतो. कुणा एकाला उभं करून दुरुस्त करत नाही.

साधी रेघ

बराच वेळ वाचत होते, आता लिहिते. मला ही भाषा शिकवायला दिली आहे आणि माझी स्वतःची त्यात गती बेताची. माझे उच्चार मुलं उचलतील याची भीती वाटते. ध्वनिमुद्रण लावावं, तर वर अभ्यासू यांनी लिहिलंय की आवाज ऐकवून उपयोग नाही.

अभ्यासू

तो प्रयोग नऊ महिन्यांच्या बाळांवरचा होता आणि त्यात नुसता आवाज ऐकवलेल्या बाळांशी समोर बसून कुणी मोठं माणूस बोलत नव्हतं. सहा-सात वर्षांची मुलं ध्वनिमुद्रणातून शिकू शकतात, विशेषतः तुम्ही सोबत बसून ऐकलंत, थांबवलंत, अभिनय केलात तर.

निळी शाई

@साधी रेघ, तुमच्यासारख्या शिक्षकांची संख्या मोठी आहे आणि त्यांना धीर देणारं फार कमी लिहिलं जातं. तुम्हाला सगळी भाषा यायची गरज नाही. एका वर्षाला पुरतील अशा आठ-दहा गोष्टी, वीसेक गाणी आणि वर्गातली रोजची तीसेक वाक्यं निवडा. ती त्या भाषेच्या चांगल्या जाणकाराकडून ध्वनिमुद्रित करून घ्या आणि स्वतः इतकी घोळवा की बोलताना अडखळायला होणार नाही. तेवढ्या परिघात तुमची भाषा पक्की असेल, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला त्याहून मोठा परीघ लागतही नाही. उच्चारांचा नमुना ध्वनिमुद्रणातून येऊ द्या. मुलाकडे बघणं, थांबणं, त्याची मान हलली की ओळखणं, हे तुमच्याकडून. पुढच्या वर्षी तुमचाही परीघ वाढलेला असेल.

साधी रेघ

हे जमण्यासारखं आहे. शेवटचं विचारते. मला सत्राच्या शेवटी गुण द्यावेच लागतात. मुलं बोलत नसतील तर कशाचे देऊ?

निळी शाई

ऐकून करण्याचे. चार चित्रं समोर ठेवायची आणि एक वाक्य म्हणायचं, मूल चित्र उचलतं. कागदावर घर काढलेलं असतं, 'दाराशेजारी झाड काढ, झाडाखाली मांजर काढ' असं सांगायचं. कागदावर काय उमटतं त्यावरून शब्द आणि जागा दाखवणारी रचना दोन्ही समजल्या का ते कळतं. गोष्टीची चित्रं उलटसुलट देऊन क्रमाने लावायला सांगायचं. मी हे पाच-पाच मुलांच्या गटात करते, बाकीची तोवर चित्र रंगवतात, त्यामुळे परीक्षा चालू आहे हे त्यांना कळतही नाही. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारीख आणि समजलेलं एक वाक्य टिपून ठेवते. तीन महिन्यांनी त्याच नावापुढे लांब वाक्य लिहिता आलं, की पालकांना ती वही दाखवते. माझा तक्ता हवा असेल तर सांगा, इथेच उतरवून देते.

साधी रेघ

हो, नक्की द्या. सोमवारपासून दाराशेजारच्या झाडाने सुरुवात करते.